जिन्यालगतची तुळई

न्हाई न्हाई मॅडम, तिकडं नका जाऊ — हितंच बसा, जिन्यापाशी. ह्या गोणपाटावर बसा, धूळ हाय पण बसा. तिकडं दोरी बांधलेली दिसते न्हव का, तिच्या पलीकडं भगदाड हाय — हाव, तेच, ती पोरगी सिंधु गेली ते — तिथून खालची अभ्यासिका दिसते, खुर्च्या अजून तशाच पडल्यात. बघा की, पण नंतर. मापं बी नंतर घ्या. तुमी वर येणारच म्हणलात म्हणून मी तुमच्या आधी जिना चढलो, न्हाईतर माझे गुडघे ऐकतेत का आता. दोन मिनिटं ऐका माझं. ठेकेदार खाली म्हणून राहिला व्हता की इमारत तपासणाऱ्या मॅडमची आज सही व्हणार — एक तुळई वजनानं मोडली, ती बदलायची, बाकीच्या दहा ठणठणीत, मग भिंतीला चुन्याचा गिलावा, रंग, आन् दिवाळी झाली की अभ्यासिका चालू. बरोबर ना? म्हणजे परत साठ-सत्तर लेकरं खाली अभ्यासाला बसणार. तलाठ्याची परीक्षा, पोलिसाची परीक्षा… सकाळी आठला पिशवी ठेवून जागा धरतेत बघा, मी बघितलंय.

तर ठणठणीत कशावरून म्हणता तुमी? ठोकून बघितलं. मधी ठोकलं ना? मधी वाजणारच की, सागवान हाय, शंभर वर्षं झाली तरी मधी वाजणारच. टोकाला ठोकलं का? टोक भिंतीत हाय म्हणता — तेच म्हणून राहिलो मी, टोक भिंतीत हाय. हातभर लाकूड भिंतीच्या पोटात हाय आन् ते कुणीच बघितलं न्हाई. मॅडम, बसून राहा, सरकू नका पलीकडं. काही न्हाई, सहज म्हणलं. हितं वारं बरं लागतं.

ही इमारत तुमाला कागदावर ठावं, मला हातानं ठावं. निजामाच्या राज्यात कचेरी व्हती, मग शाळा झाली, मग कालेज, आता विद्यापीठाची पाटी लागली. माझा बाप हितं चुना मळायला व्हता. खाली कडुनिंबापाशी तो गोल चर दिसतो ना, लोकं कचरा टाकतेत त्याच्यात — ती घाणी. चुन्याची घाणी. रेड्याला जुंपायचं, दगडी चाक फिरवायचं, दिवस-दिवस. चुना, वाळू, बेलफळाचं पाणी, गूळ, अंबाडीचे तंतू. बोटाला लागला तर लोण्यासारखा लागला पाहिजे, तवर रेडा सोडायचा न्हाई. तुमी मला त्याच्यासाठीच बोलावलंत न्हव का, चुन्याचं कुणी जुनं माणूस हाय का म्हणून. हाय मी. सगळ्यांनी माझंच नाव सांगितलं असेल. विरूपाक्ष मिस्त्री. हाव, लई नाव हाय माझं ह्या भागात, निलंग्यापासून देवणीपर्यंत.

आता काम काय झालंय सांगतो. ह्या मागच्या भिंतीवर पाऊस येतो, पावसाच्या तोंडाची भिंत हाय. बांधणारा शहाणा व्हता. त्यानं काय केलं — हरेक तुळईचं टोक भिंतीत जितं बसतं, तिथं बाहेरून मूठ जाईल एवढं भोक ठेवलं. लाकडाला वारं लागायला. भिजलं तर वाळायला. अकरा तुळया, अकरा भोकं. मग मधी कधीतरी कुण्या अडाण्यानं ती भोकं सिमिटानं बुजवली आन् वरून आख्ख्या भिंतीला सिमिटाचा गिलावा केला. आत ओल गेली ती बाहेर कुठून येणार? टोकं कुजली. एवढंच हाय मॅडम. तुमी लिवा, कुणी अज्ञात माणसानं बुजवली म्हणून, आन् दहाच्या दहा टोकं उघडून बघा. माझं काम झालं.

नकाशात भोकं न्हाईत? नकाशा कवाचा हाय? दोन हजार आठचा. मग त्याच्यात कशी असतील, आधीच बुजलेली की. गिलाव्यावर रंगाचे चार हात बसले, आता हात फिरवला तरी कळत न्हाई. अकराच कशी म्हणजे? तुळया अकरा म्हणून अकरा. लहानपणी मोजली असतील. मूठभर म्हणलो ते — आता, मूठ घालून बघितली असेल की, पोरं काय कशात बी हात घालतेत. एवढ्या उंचावर? शिडी असेल. मॅडम, तुमी वकिलासारखं इचारून राहिल्या. पाणी प्या. न्हाई? मी पितो.

तुमाला भूकंपाचं काय ठावं? तुमचा जलम तवा झाला बी नसेल. त्र्याण्णव साल, अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशीची पहाट. लोकं म्हणतेत दगडांनी मारलं. दगडांनी मारलंच, पण निस्त्या दगडांनी न्हाई. आमच्या घराला माळवद असायचं — लाकडं, लाकडावर फळ्या, फळ्यांवर पांढरी माती. ती माती पाणी आत येऊ देत न्हाई. पण वरच्यावर धुपते, म्हणून दरसाल मृगाच्या आधी नवी पांढरी टाकायची. जुनी काढायची न्हाई, तिच्यावरच टाकायची. आजानं टाकली, बापानं टाकली, मी टाकली. ज्याला घराची काळजी तो जास्त टाकायचा. आळशी माणसाचं घर गळायचं. माझं घर कधी गळलं न्हाई मॅडम. आख्ख्या गल्लीत एकच घर, थेंब न्हाई. गंगम्मा — माझी बायको — लोकांना सांगायची, आमच्या मालकांनी दोन गाड्या पांढरी टाकली यंदा. मला लई बरं वाटायचं.

त्या दिवशी मी लातूरला कामावर व्हतो. दुपारी गावात पोचलो. गाव कुठं हाय तेच कळंना. माझं घर मी विहिरीवरून ओळखलं. गंगम्मा आन् नंदा — महानंदा, सा वर्षांची — दोघी हाताला लागल्या तवा उन्हं कलली व्हती. ऐका मॅडम, दोघींच्या अंगाला ओरखडा न्हाई. एक बी दगड लागला न्हाई. नंदाच्या हातात बांगड्या व्हत्या काचेच्या, त्या बी फुटल्या न्हाईत. निस्ती माती. नाकात, तोंडात, पांढरी. मी टाकलेली. कमरेएवढा थर व्हता की हो वर, तीन पिढ्यांचा, आन् सगळ्यात वरच्या दोन गाड्या माझ्या.

आमा लिंगायतांत जाळत न्हाईत. आमच्यात बसवून पुरतेत, कपाळाला भस्म लावून, हातात लिंग देऊन. जंगम बी आला व्हता त्या गर्दीत, म्हणला विरूपाक्षा, खड्डा घेऊ. मी म्हणलो, न्हाई. मातीतून काढलं आता, परत मातीत घालू? परत नाकातोंडात? मी अग्नी दिला. सरकारी लाकडं आली व्हती, त्याच्यावर. भावकीतले वर्षभर बोलले न्हाईत माझ्याशी. न बोलू द्या. मला तवा काही बी वाटलं न्हाई, आता वाटतं. आता कुठं जाऊन हात जोडावं तर जागाच न्हाई, राख कुणाची कुणात गेली.

हे कशाला सांगून राहिलो मी? हां — भोकं. तर त्याच्यानंतर इंजनेर लोकं आले, गवंड्यांना शिकवलं, सळई कशी टाकायची, भिंतीभोवती सिमिटाची पट्टी कशी ओतायची. चांगलं शिकवलं, खोटं न्हाई बोलत. त्याच्यात पहिला नंबर माझा. मी तर देव सापडल्यासारखा सिमिटाच्या मागं लागलो. चुना म्हणलं की मला माती दिसायची. आन् भेग — मॅडम, भेग तर बघवायचीच न्हाई. भिंतीत केसाएवढी दिसली तरी मी माल कालवायला बसायचो. ट्रक गेला, भांडं हाललं, की आमी सगळी बाहेर. वर्ष-दीड वर्ष माणसं पत्र्याखाली झोपली. ज्यानं त्यानं आपल्या भिंतीतलं जे बी उघडं दिसेल ते बुजवलं — कोनाडे बुजवले, झरोके बुजवले, चिमण्यांची घरं बुजवली. हसू नका — न्हाई, तुमी हसल्या न्हाई, मलाच वाटलं.

पंच्याण्णवला ह्या इमारतीचं काम निघालं. मागच्या भिंतीला भेग गेली व्हती, वरपासून खालपर्यंत. मी मिस्त्री. मौलासाब उस्ताद चुन्याला. तो माझ्या बापाचा दोस्त, सत्तरीचा व्हता, मला हातात थापी त्यानंच दिली. म्हणला, भेगेत चुना भरू, वरून चुन्याचाच हात मारू, इमारत दम धरेल. मी पालखावर, म्हणजे बांबूच्या परांचीवर, चढलो आन् ती भोकं बघितली, अकरा, एका ओळीत, काळी. मी म्हणलो हे काय, हितूनच तर फुटणार भिंत. उस्ताद खालून म्हणला, "अरे उसकू दम लेने दे रे, लकडी हाय वो." मी म्हणलो, उस्ताद, तुमच्या चुन्यानं आन् मातीनं माझं घर खाल्लं, आता मला शिकवू नका. असं बोललो. त्या माणसाला. माझी नंदा त्याच्या मांडीवर खेळलेली. त्यानं हातपाय धुतले, डबा उचलला आन् तो चालत गेला. परत ह्या आवारात आला न्हाई तो. त्याच्या मातीला बी मी गेलो न्हाई.

हाव. मीच.

लिवा की. मी काय म्हणून राहिलो, लिवा. मघाशी अडाणी म्हणलो तो मीच. माल मी कालवला, भोकात मी भरला, मूठ आत घालून, कोपरापर्यंत, पोकळी राहू नये म्हणून दाबून-दाबून भरला. चांगलं काम केलं मॅडम. बेगार न्हाई टाळली. सांगून राहिलो ना, लई काळजीनं केलं. आन् वरून गुळगुळीत गिलावा. प्रिन्सिपल साहेबानं शाल-नारळ दिलं मला, ह्याच खाली, अभ्यासिकेत, म्हणले विरूपाक्ष मिस्त्रीनं भेगेचं नावनिशाण ठेवलं न्हाई. टाळ्या वाजल्या. मी घरी आलो — पत्र्याचं घर — आन् ती शाल तशीच ठेवली, घडी मोडली न्हाई. कुणाला दाखवायची?

तीस वर्षं काही झालं न्हाई. तुमी म्हणाल मग आताच का? लाकूड हो, सागवान, ते तीस वर्षं सोसतं. कुणाला सांगत न्हाई. मग गेल्या श्रावणात नववी तुळई टोकातून सुटली. खाली सिंधु, देवणीची पोरगी, पेपर वाचत बसलेली. वर त्या कोपऱ्यात निवृत्तीनं गठ्ठे ठेवलेले — निवृत्ती म्हणजे हितला शिपाई, मुखेडचा — जुन्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे. आत्ताच्या मोठ्या साहेबानंच सांगितलं व्हतं वर ठेव म्हणून, पण कागदावर कुठं हाय ते? पंचनाम्यात आलं, जास्त वजनानं तुळई मोडली. निवृत्तीला घरी बसवलं. झालं.

ते गठ्ठे किती व्हते? मी बघितले. चार माणसं बसली असती तर जास्त वजन झालं असतं. तुळई मोडली न्हाई मॅडम, सुटली. मोडलेली अन् सुटलेली ह्याच्यात फरक असतो, कुण्या बी सुताराला इचारा.

मला कसं ठावं? मी आलो व्हतो ना त्या दिवशी. आवाज झाला म्हणल्यावर आख्खं गाव आलं. पोरीला बाहेर काढायला मी पुढं. हात चालतेत माझे त्या कामाला, सवय हाय. तिला पोरांनी उचलून नेली, लोकं लाकूड ओढून राहिले व्हते, आन् ते टोक माझ्या पायाशी पडलेलं. हातात घेतलं. काळं, ओलं, आन् बोटं आत गेली, भुश्यात जातेत तशी. त्याच्या तोंडाला माझ्या सिमिटाचा गोळा चिकटलेला. मुठीएवढा. माझ्या बोटांचे वळ व्हते त्याच्यावर.

मी ते गमच्यात गुंडाळलं आन् घरी नेलं.

असं नका बघू. नेलं मी. पोलिस यायच्या आधी नेलं. चुलीत घातलं. पेटलंच न्हाई ते, दोन दिवस निस्तं धुमसलं, घरभर कुबट वास. शेवटी परसात खड्डा करून पुरलं. सिमिटाचा गोळा हाय अजून, तो कुठं जाणार. दाखवतो पाहिजे तर. हे मी तुमाला सांगणार नव्हतो. मी निस्तं टोकं उघडा म्हणायला बसवलं व्हतं तुमाला. अज्ञात माणूस म्हणून भागलं असतं, न्हाई का. तुमीच ते अकरा-अकरा करून…

निवृत्ती येतो माझ्याकडं. मुखेडवरून एसटीनं. तुमाला सांगतो, हे सगळ्यात वाईट हाय. तो माझ्याकडंच येतो, कामून की मी म्हातारा, मला इमारतीतलं कळतं. ओट्यावर बसतो आन् इचारतो, मिस्त्री, मी ते गठ्ठे दोन कोपऱ्यांत वाटून ठेवले असते तर वाचली असती का हो पोरगी? दर बारीला हेच. मी काय म्हणत असेल? मी म्हणतो, चहा घे निवृत्ती. सोमवारी तो देवणीला जातो, सिंधुच्या बापाच्या दारात जाऊन बसतो. आत बोलवत न्हाईत, हाकलत बी न्हाईत. दुपारपर्यंत बसतो आन् येतो. त्याला वाटतं त्यानंच मारली. वर्ष झालं, मी त्याला तसंच वाटू देऊन राहिलो. माणूस वाळून काडी झाला, आन् मी त्याला चहा पाजून राहिलो.

मी कशाला भीत व्हतो म्हणता? जेलला? सत्तर वय झालं, जेलात काय आन् पत्र्याखाली काय. ते न्हाई. मी एक घर मारलं तवा सगळे म्हणले भूकंप. देवाची करणी. कुणी मला बोललं न्हाई, मीच मला बोललो. त्याच्यानंतर माझ्यापाशी एकच गोष्ट राहिली व्हती मॅडम — ह्या माणसाच्या हाताखालचं काही पडत न्हाई. दोनशे घरं बांधली मी नव्या गावांत. लोकं माझ्या हातच्या भिंतीला पाठ टेकून झोपतेत. ते बी गेलं तर मग मी कोण? एवढंच. पण काल ठेकेदार म्हणला, दिवाळीनंतर चालू, आन् मला त्या सकाळच्या पिशव्या दिसल्या ओळीनं ठेवलेल्या. आता तिसऱ्यांदा न्हाई. तिसऱ्यांदा माझ्यानं व्हणार न्हाई.

पुरावा? टोक जाळलं म्हणता, मग पुरावा काय — बरोबर हाय, म्हाताऱ्याच्या बोलण्यावर कोण पैसा मंजूर करणार. हाय पुरावा. दहा भोकं बुजवली मी. अकरावं न्हाई. त्याच्यात साळुंकीचं घरटं व्हतं. मी माल घेऊन हात आत घातला आन् बोटाला ऊब लागली. दोन पिल्लं, पिसं बी न्हाईत, चोची उघडून. थापी हातात, माल सुकत चाललेला, खालून मजूर ओरडून राहिलेले. मला न्हाई जमलं हो. जिती लेकरं कोंडायची, नाकावर माल टाकायचा — न्हाई जमलं. म्हणलं उडून गेली की बुजवू. मग काम संपलं, पालख उतरला, शाल मिळाली, ते राहून गेलं. अजून उघडं हाय. मागच्या पाइपाच्या आड हाय म्हणून तुमाला दिसलं न्हाई. काल सांजच्याला शिडी लावून हात घातला मी. लाकूड कोरडं खडखडीत. खिळा मारला तर वाकला. एकच बांधणारा, एकच झाड असेल, एकच पाऊस, फरक फक्त माझ्या मुठीचा. ह्याच्यापेक्षा काय पुरावा पाहिजे?

कोणची तुळई? ही. जिन्यालगतची. आपण बसलोय ती.

म्हणून तर म्हणून राहिलो व्हतो, सरकू नका. ह्या गोणपाटाच्या पलीकडं मी कुणाला पाऊल टाकू देणार न्हाई — अहो, अहो मॅडम, तिकडून न्हाई! तुमची पिशवी राहू द्या तिकडंच. मी आणतो काठीनं ओढून. तुमी जिन्यानं उतरा, आलो तसं. आन् खाली गेल्यावर पहिलं ते दुरुस्तीला आलेले सुतार बाहेर काढा, डबे खायला अभ्यासिकेतच बसलेत सावलीला, मी सकाळपासून दोनदा उठवलं त्यायला, पुन्हा तिथंच जातेत. मग ठेकेदाराला सांगा, मग फोन करा ज्याला करायचा त्याला. निवृत्तीला मी सांगतो. न्हाई, त्याला मीच सांगणार, तुमी न्हाई.

नाव लिवलं? पुरं लिवा. विरूपाक्ष सिद्धराम गवंडी. पुढं कंसात अज्ञात नका लिवू.

जावा आता. मी येतो मागून. छिन्नी हाय माझ्यापाशी, बाहेरून शिडी लावतो, बुजवलेल्यातलं एक भोक उघडून ठेवतो तुमी येईस्तोवर. जावा म्हणलं ना — सुतार बसलेत खाली.